भीती वाटते तेव्हा देवापुढे कसं बसावं

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये धीर देण्याची एक ठरलेली रीत पडून गेली आहे. कुणी घाबरलं, खचलं, की त्याला एखादं वचन सांगायचं, खांद्यावर हात ठेवून छोटी प्रार्थना करायची आणि "विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल" म्हणून उठायचं. हेतू चांगलाच असतो. पण बायोप्सीचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या माणसाचं, नोकरी गेलेल्या बापाचं, पोराचा फोन तीन दिवस लागत नाही अशा आईचं एवढ्याने समाधान होत नाही. उलट, इतकं सांगूनही छातीतली धडधड थांबत नाही म्हणजे आपल्याच विश्वासात काही खोट आहे, असं त्यांना वाटायला लागतं.

पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, सांत्वनाची वाट याहून बरीच लांब आहे. ती जेवणाखाण्यातून आणि झोपेतून जाते, तक्रारीतून जाते, कधी दुसऱ्या माणसाच्या पायांनी आपल्या दारात येते. आणि पुष्कळदा मन शांत होण्याआधीच हातात काम देते. ही वाट जमेल तितकी नेमकी मांडावी, म्हणून हे लिहितो आहे.

आधी भाकर

बायबलच्या जुन्या करारातलं १ राजे हे पुस्तक, अध्याय १९. खचलेल्या माणसाशी देव कसा वागतो हे बारकाईने पाहायचं असेल तर याच्याइतका उपयोगी अध्याय मला तरी दुसरा माहीत नाही.

आदल्याच अध्यायात देवाचा संदेष्टा एलीया कर्मेल डोंगरावर बआल या परक्या दैवताच्या साडेचारशे संदेष्ट्यांपुढे एकटा उभा राहिला आहे. त्याच्या प्रार्थनेवर आकाशातून अग्नी उतरला, मग लांबलेल्या दुष्काळानंतर त्याच दिवशी पाऊस आला. आणि आता ईजबेल राणीचा एक निरोप येतो, उद्या या वेळेपर्यंत तुझा जीव घेते, आणि हा माणूस पळत सुटतो. थेट दक्षिणेला बैर-शेब्यापर्यंत. तिथे चाकराला मागे ठेवतो, एकटाच रानात दिवसभराची वाट चालतो, एका रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाजवळ मरण मागतो. आता पुरे झालं, माझा प्राण घे. मग झोपी जातो.

यावर देव काय करतो ते ओळीने पाहा. उपदेश नाही. कर्मेलची आठवण करून देणं नाही. "तुझा विश्वास कुठे गेला?" हा प्रश्नही नाही. देवदूत येऊन त्याला हात लावतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देव त्याला पुन्हा झोपू देतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो तेव्हाही तेच, ऊठ, खा, आणि या वेळी कारण सांगतो: पुढचा प्रवास तुला झेपायचा नाही. म्हणजे शक्ती संपली आहे, हे देव स्वतःच मान्य करतो. त्यानंतर चाळीस दिवस, चाळीस रात्री चालणं, होरेब डोंगर, गुहा. आणि "एलीया, तू येथे काय करीत आहेस?" हा पहिला प्रश्न एवढं सगळं झाल्यावर येतो.

हा क्रम आपण नेहमी उलटा करतो. दोन दिवस धड जेवलेलं नाही, चार रात्री झोप नाही, अशा अवस्थेत उपास धरून रात्रभर प्रार्थनेला बसतो आणि पहाटे आणखी खचतो. उपासाला त्याची जागा आहे. पण भीतीने ज्याची भूक आधीच मेली आहे, त्याचा तो उपास होत नाही, नुसती उपासमार होते. म्हणून पहिल्या दोनतीन दिवसांत एवढंच धरा: दिवसातून दोनदा तरी बसून जेवण, मग ते वरणभात असो नाहीतर दूधभाकरी, दुपारनंतर चहा बंद, अंधार पडायच्या आत अर्धा तास पायी फिरणं, आणि झोप येईल तेव्हा झोपणं. प्रार्थना या दिवसांत छोटीच असू द्या, दोन वाक्यांची. ते चालतं.

या अध्यायातली आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी येतो आणि शेवटी ती शांत, मंद वाणी. आपली प्रवचनं बहुधा इथे थांबतात. पण वाणीनंतर देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो आणि एलीया तेच उत्तर जवळपास शब्दशः पुन्हा देतो: मीच एकटा उरलो आहे आणि माझा जीव घ्यायला टपले आहेत. वचन दहा आणि वचन चौदा शेजारी ठेवून वाचा. देवाची वाणी ऐकूनही त्याचं मन जागचं हललेलं नाही. आणि देव त्यावर रागावत नाही. तो त्याला तीन कामं देतो, राजा म्हणून हजाएलाचा अभिषेक कर, येहूचा कर, आणि तुझ्या जागी संदेष्टा म्हणून अलीशाचा कर. आणि एक माहिती देतो, बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक इस्राएलात आहेत. अलीशा तर पुढे त्याच्याबरोबरच राहिला. म्हणजे एकटं वाटणाऱ्या माणसाला देवाने सोबतीचं माणूस दिलं आणि करायला काम दिलं. मनाला उभारी आली असेल तर ती मागाहून.

पंडिता रमाबाईंच्या शेवटच्या वर्षाकडे याच नजरेने पाहावंसं वाटतं. तरुणपणी दुष्काळात आईवडील आणि बहीण गेलेली, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेलेला. आणि १९२१ मध्ये मनोरमा, एकुलती एक मुलगी, गेली. त्या वेळी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मराठी बायबलच्या भाषांतराचं काम चालू होतं. रमाबाईंनी ते सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते आपण सांगू नये. पण मुलीमागे उरलेल्या त्या महिन्यांत त्यांच्या हाताला काम होतं.

तक्रार करायला शिकणं

स्तोत्रसंहितेत, म्हणजे बायबलमधल्या गीतांच्या पुस्तकात, १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांपैकी तिसरा हिस्सा तरी विलापाची आहेत. रविवारच्या उपासनेत मात्र आपण २३, १००, १०३, १२१ अशी फिरून फिरून तीच वाचतो, आणि देवापुढे रडगाणं गाणं म्हणजे अविश्वास असा समज घट्ट होतो. खरं तर ज्याच्यावर विश्वासच नाही त्याच्याकडे माणूस तक्रार घेऊन जात नाही.

सुरुवातीला स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो. पुढच्या दोनांत मागणं. शेवटच्या दोनांत भरवसा. हाक, तक्रार, मागणं, भरवसा असा विलापाचा सांगाडा इतक्या थोडक्यात दुसरीकडे क्वचितच दिसतो. तो हाताखाली घेऊन स्वतःचा विलाप लिहायचा. साधी वही घ्या, वीस मिनिटं काढा, दार लावून घ्या. मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवा.

हाक एका ओळीची पुरे. तक्रारीला जागेची मर्यादा नाही, पण ती नेमकी हवी. "मी फार दुःखी आहे" असं लिहिलं की लेखणी तिथेच अडते. तारीख लिहा, रक्कम लिहा, कोण काय बोललं ते लिहा, शरीरात कुठे काय होतं ते लिहा. देवाचा राग आला असेल तर तेही लिहा. मागणी एक-दोनच, आणि त्यातली एक आज रात्रीपुरती. भरवशाची ओळ मात्र आज जेवढी खरी आहे तेवढीच. उसनी नको. नोकरी गेलेल्या एखाद्या माणसाने लिहिलं तर ते साधारण असं दिसेल:

"प्रभू, ऐक. तू ऐकतोस की नाही तेही आज मला कळत नाही, तरी तुलाच सांगतोय.

पंधरा तारखेपासून कामावर येऊ नका म्हणाले. अठरा वर्षं काढली तिथे. घरी आईला अजून सांगितलेलं नाही. पाच तारखेला घराचा हप्ता जातो. रात्री पंख्याकडे बघत पडतो आणि छातीत धडधडतं. रविवारी सगळे हसूनखेळून बोलत होते, मला त्यांचा राग आला. तुझाही आला. तू हे होऊ दिलंस.

मला काम दे. आईला सांगायचं बळ दे. आज रात्री चार तास झोप दे.

वडिलांच्या आजारपणात तू आम्हाला टाकलं नव्हतंस. एवढंच आज आठवतं. आमेन."

लिहून झालं की मोठ्याने वाचायचं. हे टाळू नका. डोळ्यांनी वाचलं की ते डायरीतलं पान राहतं, आवाजाने वाचलं की ते कुणाला तरी ऐकवलं जातं. स्तोत्र २३ मध्ये हिरव्या कुरणांपाशी दावीद देवाविषयी "तो" म्हणून बोलतो आणि चौथ्या वचनात, मृत्युच्छायेच्या दरीत पोचल्यावर, "तू माझ्याबरोबर आहेस" म्हणतो. दरीत असताना देवाविषयी बोलून भागत नाही, त्याच्याशीच बोलावं लागतं.

या लिखाणात तीन ठिकाणी हमखास घसरायला होतं.

पहिलं, तक्रारीच्या दुसऱ्याच ओळीवरून भरवशावर उडी मारणं. "नोकरी गेली, पण तू महान आहेस, आमेन." मधलं सगळं गिळलं जातं आणि रात्री दोन वाजता छातीत परत येतं. तक्रार संपली असं वाटलं की स्वतःला विचारा, "आणखी काय?" बहुतेक वेळा खरी गोष्ट तिसऱ्या-चौथ्या "आणखी"ला बाहेर पडते. वरच्या नमुन्यात मंडळीचा राग आणि देवाचा राग किती उशिरा आलाय ते बघा.

दुसरं, भरवशाची ओळ फुगवणं. त्या दिवशी काहीच आठवत नसेल तर ती जागा कोरी ठेवा. स्तोत्र ८८ मध्ये तसंच आहे. अठरा वचनं, आणि शेवट अंधारात. स्तुतीची एक ओळ नाही. हे स्तोत्र संग्रहातून कुणी काढून टाकलं नाही, त्याला शेवटी एखादा गोड श्लोकही जोडला नाही. ज्या रात्री प्रार्थनेतून काहीच हाती लागत नाही, त्या रात्री स्तोत्र ८८ वाचावं, बायबल मिटावं आणि आडवं व्हावं. हे स्तोत्र ज्याच्या नावावर आहे त्या हेमान एज्राह्याने हेच देवापुढे म्हटलं आणि ते पवित्र शास्त्रात आलं.

तिसरं, रोज नवे शब्द शोधणं. त्याची गरज नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने तीन वेळा प्रार्थना केली आणि शुभवर्तमान लिहिणारा मत्तय स्पष्ट सांगतो की त्याने पुन्हा तेच शब्द बोलून प्रार्थना केली. तोच कागद आठवडाभर वाचा. एखाद दिवशी एक ओळ आपोआप बदलावीशी वाटेल, तेव्हा बदला.

ज्यांनी आपल्याला दुखावलं त्यांच्याविषयीचा संतापही इथेच यावा. स्तोत्र १०९ वाचताना अंगावर काटा येतो. पण तिथे दावीद सूड घ्यायला निघालेला नाही, सूड त्याने देवाच्या दारात टाकला आहे. तोच मजकूर नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला तर घर फुटतं.

रात्रीचे दोन

भीती रात्री वाढते. घर झोपलेलं असतं, काही करता येत नाही, आणि डोकं फिरून फिरून त्याच रिपोर्टपाशी, त्याच आकड्यापाशी येतं. स्तोत्र ७७ नेमकं अशाच रात्रीचं आहे: देव डोळ्याला डोळा लागू देत नाही, बोलवतही नाही इतका व्याकूळ झालोय, अशी तक्रार त्यात आहे.

अंथरुणात पडून प्रार्थना करायचा प्रयत्न अशा वेळी सहसा फसतो, कारण प्रार्थना दोन वाक्यांनंतर चिंतेत विरघळते आणि ते कळतही नाही. उठून बसा. पाय जमिनीला टेकवा. मंद दिवा लावा, पाणी प्या. मोबाइलवरचं बायबल या वेळी नको. वचन उघडायला म्हणून फोन हातात घेतो, वर बँकेचा मेसेज दिसतो, आणि पुढचा तास गेला. छापील प्रत उशाशी असू द्या, हव्या त्या पानावर धागा घालून.

मग कुजबुजत्या आवाजात स्तोत्र १२१ वाचा. आठ वचनं आहेत, सावकाश वाचलं तरी दीड मिनिट. इस्राएलाचा रक्षक झोप घेत नाही, हे त्यात आहे. म्हणजे घरात एक जण जागा आहे, तुम्ही जागं राहिलं पाहिजे असं नाही. तीनदा वाचा. तरी धडधड कमी होत नसेल तर श्वासाबरोबर एकच ओळ धरा. श्वास घेताना मनात "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", सोडताना "मला काही उणे पडणार नाही". सोडताना घाई नको. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लागू द्या. दहा-बारा वेळा. श्वास लांब सोडला की काळजाचे ठोके मंदावतात, ही शरीराचीच रचना आहे, आणि शरीरही त्यानेच घडवलं आहे. यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

वीस मिनिटांत झोप आली नाही तरी चिडू नका. वही घ्या, डोक्यात फिरणारी कामं एकाखाली एक लिहा, प्रत्येकासमोर "उद्या सकाळी" असं लिहा आणि परत आडवे व्हा.

यात एक अडचण आहे आणि ती आधीच सोडवून ठेवावी लागते. घाबरलेल्या माणसाला नवं काही पाठ होत नाही, शोधून सापडतही नाही. त्या वेळी जे आधीपासून जिभेवर आहे तेच कामाला येतं. प्रभू येशूने वधस्तंभावर "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" म्हटलं ती बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, आणि आत्मा पित्याच्या हाती सोपवतानाचे शब्द एकतिसाव्यातले आहेत. प्राण जात असताना त्याच्या ओठांवर लहानपणापासून म्हटलेली स्तोत्रं आली.

म्हणून बऱ्या दिवसांत पाच स्तोत्रं पाठ करून ठेवा: २३, १३, १२१, १३० आणि ४६. अनुक्रमे सहा, सहा, आठ, आठ आणि अकरा वचनं, म्हणजे एकूण ३९. आठवड्याला दोन वचनं धरली तर पाच महिन्यांत होतात. पद्धत जुनीच: सकाळी चूल-गॅसपाशी किंवा लोकलमध्ये नवं वचन पाच वेळा, संध्याकाळी मागचं सगळं एकदा, आणि रविवारी घरातल्या कुणाला तरी म्हणून दाखवायचं. अडखळलं की पहिल्यापासून सुरू करू नका. अडलं तिथली ओळ आणि तिच्या आधीची ओळ अशी जोडी दहा वेळा म्हणा, कारण विसर पडतो तो ओळीत नाही, दोन ओळींच्या सांध्यात. चालीवर बसवलं तर आणखी बरं. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भजनात अभंगाचं वळण आणलं, ते उगाच रुजलं नाही. आपल्याकडे आजीच्या तोंडची भजनं ती अंथरुणाला खिळल्यावरही शाबूत असतात.

स्तोत्र ७७ पुढे कुठे जातं तेही पाहण्यासारखं आहे. अर्धं स्तोत्र "मी, मला, माझं" असं चालतं, आणि अकराव्या वचनापासून कवी देवाची जुनी कृत्यं आठवायला लागतो, समुद्रातून काढलेल्या वाटेपर्यंत. त्यासाठी वहीच्या मागच्या पानांवर एक यादी ठेवा. तारीख आणि एक ओळ. "मार्च, आईचं ऑपरेशन नीट झालं." "फी भरायच्या आदल्या दिवशी मामांनी पैसे दिले." ही यादी बऱ्या दिवसांतच लिहायची असते. वाईट दिवसांत ती आठवत नाही, वाचता येते.

वचन उचलताना

वचनपेटीतून एक चिठ्ठी काढायची आणि तो आजचा निरोप मानायचा, ही सवय आपल्या घराघरांत आहे. आनंदाच्या दिवसांत त्याने काही बिघडत नाही. संकटात मात्र बिघडू शकतं. यिर्मया २९:११ चंच बघा, देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, भविष्य आणि आशा देणारे आहेत. दहावीच्या निकालापासून व्हिसापर्यंत सगळीकडे ते लावलं जातं. ते वचन बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे, आणि त्याच्या आधीचं, दहावं वचन सांगतं की सत्तर वर्षं जातील. पाचव्या-सहाव्या वचनांत देव त्यांना सांगतो: तिथेच घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा. लवकर परत येऊ असं सांगणारे दुसरे संदेष्टे होते, आणि ते खोटं सांगत आहेत असं देव त्याच पत्रात म्हणतो.

हे कळल्यावर वचनाचा धीर कमी होत नाही. पण तो वेगळा धीर आहे. "शुक्रवारपर्यंत सुटका" असा अर्थ काढला आणि शुक्रवार कोरडा गेला की माणसाचा देवावरचा विश्वासच उडतो. लांबणाऱ्या दुखण्यात, न मिटणाऱ्या कर्जात, परदेशात एकट्याने काढायच्या वर्षांत बाग लावायला सांगणारं ते पत्रच जास्त उपयोगी पडतं. म्हणून एक साधा नियम: जे वचन धराल त्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचनं एकदा तरी वाचा.

विलापगीताचंही तसंच. देवाची दया रोज सकाळी नवी होते, हे आपल्याला पाठ आहे. पण ते तिसऱ्या अध्यायात आहे, पाच अध्यायांच्या पुस्तकाच्या मधल्या अध्यायात. त्यानंतर कवी परत रडतो. एक दिवस बरं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोसळलो, तर काही चुकलं असं धरून चालू नका.

डॉक्टरकडे जाणं

याबद्दल मंडळ्यांमध्ये अजून संकोच आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. दोन आठवडे उलटूनही मन सतत उदास आहे, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली आहे, रोजची कामं होत नाहीत, किंवा अचानक श्वास कोंडून मरतोय की काय असं वारंवार होतंय, तर डॉक्टरला दाखवा. गोळ्या सुरू झाल्या तर मनाने बंद करू नका. नैराश्यावरच्या बऱ्याचशा औषधांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि "प्रार्थनेने बरं वाटतंय" म्हणून मध्येच सोडली तर त्रास उलटतो. एलीयासारखं मरण मागावंसं वाटत असेल तर आजच घरातल्या एका माणसाला सांगा, एकटे राहू नका, आणि १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करा. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. प्रेषित पौलाच्या सोबतीला वैद्य लूक होता, "प्रिय वैद्य" असंच पौल त्याला म्हणतो. पौल प्रार्थनाही करत होता.

दुसऱ्याच्या दारात

करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२ करिंथ ७) पौल लिहितो की मासेदोनियात आल्यावर त्याच्या देहाला स्वस्थता नव्हती, बाहेर भांडणं आणि आत भीती. मग, दीनांचं सांत्वन करणाऱ्या देवाने तीत या सहकाऱ्याच्या येण्याने आमचं सांत्वन केलं. दर्शन नाही, वाणी नाही. तीत आला. त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल सांगतो की आपल्याला सांत्वन मिळतं ते दुसऱ्यांचं सांत्वन करता यावं म्हणून. तेव्हा तीत होऊन जाताना काय करावं तेही पाहू.

लेकरं, मालमत्ता, तब्येत सगळंच गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस बरोबर केलं. जमिनीवर त्याच्याजवळ बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोंड उघडल्यावर सगळं बिघडलं, कारण त्यांनी दुःखाचं कारण शोधायला घेतलं. "घरात काही पाप तर नाही ना", "देव तुम्हाला काहीतरी शिकवतोय", "अमक्यांचं तर याहून वाईट झालं" ही तीन वाक्यं घरीच ठेवून जावं.

जाण्याआधी फोन करा, "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, कारण खचलेला माणूस सांगत नाही. "संध्याकाळी डबा घेऊन येतो, दोघांचा आणू की चौघांचा?" असं विचारा. गेल्यावर अर्धा तास बसा. ते बोलले तर ऐका, गप्प राहिले तर गप्प राहा. वचन वाचू का असं विचारा, आणि नको म्हणाले तर मनाला लावून घेऊ नका. वाचायचं असेल तर "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" म्हणणारं बेचाळिसावं स्तोत्र वाचा, खिन्नता आणि आशा दोन्ही त्यात एकाच तोंडून येतात. प्रार्थना तीन-चार वाक्यांची, त्यांनी सांगितलेलीच गोष्ट नाव घेऊन देवापुढे ठेवणारी. निघताना भांडी घासायची असतील तर घासून निघा.

आणि परत जा. दफनविधीनंतरचा पहिला आठवडा घर माणसांनी भरलेलं असतं. दीड महिन्यानंतर कुणी नसतं; बँकेची कागदपत्रं, मृत्यूचा दाखला, गेलेल्या माणसाची कपाटं हे सगळं तेव्हा निघतं. वहीत त्या घरासमोर सहाव्या आठवड्याची तारीख आत्ताच लिहून ठेवा, आणि त्या दिवशी जाताना आधारच्या, पॅनच्या झेरॉक्स काढायला बरोबर जाण्याइतका मोकळा वेळ काढून जा.